जॅब मारला की हात खाली: बॉक्सरच्या खोडी इतक्या चिवट का असतात?

1936 च्या जूनमध्ये न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियमवर जो लुईस आणि जर्मनीचा मॅक्स श्मेलिंग समोरासमोर आले. लुईस तोवर व्यावसायिक लढतींत अपराजित होता. श्मेलिंग माजी विश्वविजेता खरा, पण त्याचे दिवस संपले असाच सगळ्यांचा समज होता. श्मेलिंगने मात्र लुईसच्या लढतींच्या फिल्म पाहून एक गोष्ट हेरली होती. लुईस डाव्या हाताने ठोसा मारायचा आणि हात मागे घेताना तो हनुवटीपाशी न आणता खाली सोडायचा. तेवढा क्षणभर त्याचा जबडा उघडा पडे. त्या रात्री श्मेलिंगचा उजवा हात पुन्हापुन्हा तिथेच बसला. चौथ्या फेरीत लुईस पहिल्यांदा खाली गेला आणि बाराव्या फेरीत लढत संपली.

जवळजवळ नव्वद वर्षं झाली, तरी मोठ्या लढतींचं समालोचन ऐकताना हेच वाक्य कानावर येतं: "जॅब मारला की त्याचा हात खाली येतो." खोड बॉक्सरला माहीत असते, त्याच्या कोचला माहीत असते, प्रतिस्पर्ध्याने तर तिच्यावरच लढतीचा बेत बांधलेला असतो. आठ-दहा आठवड्यांचं सराव शिबिर होतं, पैसा पाण्यासारखा ओतला जातो आणि नवव्या फेरीत तो हात पुन्हा खाली येतो. घरी सोफ्यावर बसलेल्या माणसाला हे अगम्य वाटतं. एक हात वर धरायचा, त्यात एवढं काय अवघड आहे?

त्याचं उत्तर शोधायला त्या बॉक्सरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत जावं लागतं.

### आधी थोडी ओळख

जॅब म्हणजे पुढच्या हाताचा सरळ, झटपट ठोसा. गार्ड म्हणजे चेहरा आणि बरगड्या झाकणारी हातांची ठेवण. स्टान्स म्हणजे उभं राहण्याची पद्धत: कोणता पाय पुढे, दोन पायांत अंतर किती, वजन कुठे. उजव्या हाताची माणसं सहसा डावा पाय आणि डावा हात पुढे ठेवतात, म्हणजे ताकदीचा हात मागे राहतो. याच्या उलट उभं राहणाऱ्याला साउथपॉ म्हणतात. स्पारिंग म्हणजे सरावातली, समोर खरा माणूस उभा करून केलेली लढत.

'तंत्र' हा शब्द आपण फार ढिलाईने वापरतो. सुंदर ठोसा म्हणजे तंत्र नव्हे. ठोसा मारण्याआधी शरीर कुठे होतं आणि मारून झाल्यावर कुठे परतलं, हा त्याचा मोठा भाग. आणि 'सातत्य' म्हणजे दरवेळी जिंकणं नव्हे. बॉक्सरची सर्वांत चांगली रात्र आणि सर्वांत वाईट रात्र यांच्यात किती अंतर आहे, त्यावर ते मोजायचं.

### डोक्याला वेळच मिळत नाही

समोर दिवा लागला की बटण दाबायचं, इतकं साधं काम दिलं तरी माणसाला सुमारे 0.2 सेकंद लागतात. दोन-तीन पर्यायांतून निवड करायची असेल तर आणखी जास्त. जवळून आलेला जॅब साधारण तेवढ्याच वेळात, कधी त्याआधीच, चेहऱ्यावर पोचलेला असतो. म्हणजे ठोसा बघून, विचार करून, मग तो चुकवणं हे जवळपास अशक्य आहे.

चांगले बॉक्सर मग काय करतात? ते मुठीकडे बघतच नाहीत. समोरच्याचा खांदा किंचित वळला, कंबर फिरली, मागच्या पायावर वजन गेलं, की त्यांचं शरीर आधीच हलायला लागतं. ही ओळख आणि तिच्यापाठोपाठची हालचाल दोन्ही विचाराविना घडाव्या लागतात. कौशल्य शिकताना माणूस आधी प्रत्येक गोष्ट मनात बोलून करतो, मग अडखळत करतो आणि शेवटी ती आपोआप होऊ लागते. रिंगमध्ये फक्त या तिसऱ्या टप्प्यावर पोचलेल्या गोष्टी उपयोगी पडतात.

आता यातली गोम. आपोआप होणारी हालचाल पुसता येत नाही. तिच्यावर नवी हालचाल चढवता येते, एवढंच. शाळेत पहिल्या वर्षी वळलेलं अक्षर आठवून बघा. मोठेपणी माणूस प्रयत्नाने ते सुधारतो, निवांत बसून लिहिताना अक्षर देखणं येतं. परीक्षेची शेवटची दहा मिनिटं उरली, हात दुखायला लागला, की पहिलीतलं अक्षर कागदावर हजर. बॉक्सरचंही तसंच. सराव शिबिरात सुधारलेला हात पहिल्या चार फेऱ्या वर राहतो. दमणूक, भीती आणि डोक्यावर बसलेला एखादा जबर ठोसा, या तिन्ही वेळी शरीर सर्वांत जुन्या सवयीकडे धावतं. आणि पुरुषांच्या व्यावसायिक जेतेपदाच्या लढतीत आता तीन मिनिटांच्या बारा फेऱ्या असतात, पूर्वी पंधरा असत. दमायला भरपूर वेळ आहे.

### पहिला कोच नेमकं काय ठरवतो?

पहिला निर्णय तर पहिल्याच दिवशी होतो: कोणता पाय पुढे. डावखुऱ्या मुलाला साउथपॉ उभं करायचं, की उजव्यांसारखं? ऑस्कर डी ला होया आणि मिगेल कोटो हे दोघे जन्मतः डावखुरे, पण उजव्या ठेवणीत लढले. त्यामुळे त्यांचा ताकदीचा हात पुढे आला आणि त्यांचा जॅब आणि डावा हूक, म्हणजे कोपरातून वाकवून बाजूने मारलेला ठोसा, ही त्यांची ओळख ठरली. ठोशाच्या ताकदीची अख्खी रचना अशी एका छोट्या निर्णयावर उभी राहते.

दुसरी गोष्ट पाय. नवख्याला हाताचं वेड असतं, कोचला पायांचं असावं लागतं. पुढे सरकताना पुढचा पाय आधी, मागे जाताना मागचा आधी, पाय एकमेकांना ओलांडायचे नाहीत, चवडे एका रेषेत यायचे नाहीत. हे ऐकायला बालिश वाटतं. पण पाय एका रेषेत असताना साधा धक्कासुद्धा माणसाला बसवतो, आणि तोल गेलेल्या माणसाचा ठोसा म्हणजे नुसतं हात हलवणं. युक्रेनच्या वासिल लोमाचेन्कोचे वडील अनातोली हेच त्याचे प्रशिक्षक. मुलगा लहान असताना त्यांनी त्याचं बॉक्सिंग थांबवलं आणि त्याला काही वर्षं पारंपरिक नृत्य शिकायला पाठवलं. 2008 आणि 2012 अशी दोन ऑलिंपिक सुवर्णपदकं जिंकणाऱ्या लोमाचेन्कोच्या पायांकडे बघितलं की त्या वर्षांचा हिशेब लागतो. तो समोर उभा असतो आणि पुढच्या क्षणी प्रतिस्पर्ध्याच्या बगलेशी.

तिसरी गोष्ट हाताचं परतणं. चौथी, हनुवटी. पाचवी आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित: ठोसा हुकल्यावर काय करायचं. मुलाचा ठोसा हवेत गेला, तोल पुढे गेला, तर तो तिथेच उभा राहून हसतो की डोकं हलवून बाजूला सरकतो? चांगला कोच बसलेल्या ठोशापेक्षा हुकलेल्या ठोशानंतरचा सेकंद बघत असतो.

आणखी एक. ठोसा मारण्याआधी मूठ किंचित मागे खेचण्याची नैसर्गिक प्रवृत्ती असते. जोर येतो असं वाटतं म्हणून प्रत्येक मूल ती करतं. प्रत्यक्षात ती समोरच्याला दिलेली आगाऊ वर्दी. पहिल्या सहा महिन्यांत ती घालवणं सोपं. दहा वर्षांनी मात्र ती घालवायची म्हणजे त्या ठोशाच्या हजारो आवृत्त्यांशी भांडण.

हे सगळं शिकणं कमालीचं कंटाळवाणं असतं. आरशासमोर तेच पाऊल, तोच जॅब, रिंगमध्ये दोरी बांधून तिच्याखालून वाकत पुढे जाणं. अनेक जुने कोच महिनोन्‌महिने स्पारिंग करू देत नसत. मुलाला कंटाळा आला, त्याने येणं सोडलं, तरी चालेल म्हणत. हौस म्हणून आलेल्या मुलांसाठी ही पद्धत कठोर आहे, यात वाद नाही.

### जिंकून देणारी चूक सुटत नाही

सगळ्यात धोकादायक खोड कोणती? जी खोड असूनही मुलगा जिंकत राहतो ती.

मोहम्मद अली बारा वर्षांचा असताना लुईव्हिलमध्ये जो मार्टिन या पोलिस अधिकाऱ्याच्या हाताखाली बॉक्सिंग शिकू लागला. अली हात कंबरेपाशी ठेवायचा आणि ठोसा आला की डोकं बाजूला न नेता सरळ मागे झुकायचा. कुठल्याही वर्गात हे चुकीचंच ठरेल. पण त्याचे पाय आणि नजर इतके अफाट वेगवान होते की चुकीची शिक्षा कधी मिळालीच नाही, मग ती सुधारणार कशी? 1960 मध्ये तो व्यावसायिक झाला आणि अँजेलो डंडी त्याचा प्रशिक्षक झाला. डंडीने शहाणपणाने ही शैली मोडायचा प्रयत्न केला नाही.

बिल नंतर आलं. 1963 मध्ये हेन्री कूपरच्या डाव्या हूकने तो खाली बसला. 1967 ते 1970 अशी साडेतीन वर्षं त्याला लढण्यापासून दूर ठेवण्यात आलं. परतला तेव्हा पाय पूर्वीसारखे राहिले नव्हते. 1971 मध्ये जो फ्रेझरच्या डाव्या हूकने पंधराव्या फेरीत त्याला पुन्हा खाली पाडलं. वेग होता तोवर त्याला बचावाची दुसरी फळी लागली नव्हती. वेग गेल्यावर ती नव्हती. जबड्याची सहनशक्ती आणि डोकं वापरून अली त्यानंतरही दोनदा विश्वविजेता झाला, हे त्याचं मोठेपण. पण त्या काळात त्याने जितके ठोसे खाल्ले, तितके खाण्याची वेळ फार थोड्या महान बॉक्सरांवर आली असेल.

म्हणून मला गुणी मुलांच्या कोचची कीव येते. सामान्य मुलाची चूक प्रतिस्पर्धीच दाखवून देतो. गुणी मुलाची चूक त्याला जिंकलेल्या दिवशी सांगावी लागते, आणि त्या दिवशी कोणी ऐकत नाही.

### सातत्य येतं कुठून?

फ्लॉइड मेवेदर ज्युनिअर 50 व्यावसायिक लढती लढला आणि एकही हरला नाही. त्याचे वडील स्वतः व्यावसायिक बॉक्सर होते आणि त्यांनीच त्याला बालपणी खांद्याच्या बचावाची पद्धत शिकवली: डावा हात पोटाशी, डावा खांदा हनुवटीपर्यंत वर, उजवी मूठ गालाशी. ठोसा आला की खांदा गोलाकार वळवायचा, ठोसा घसरून जातो. पुढे वडिलांशी बिनसलं, काका रॉजरने प्रशिक्षण हाती घेतलं, नंतर वडील परत आले. माणसं बदलली, घराणं तेच राहिलं. या बचावाचा दुसरा गुण म्हणजे तो स्वस्त आहे. त्यात शक्ती फार खर्च होत नाही, त्यामुळे अकराव्या फेरीतही तो पहिल्या फेरीसारखाच दिसतो.

माइक टायसनचं उदाहरण याच्या दुसऱ्या टोकाला आहे. कस डमाटो या वयस्क प्रशिक्षकाने त्याला किशोरवयात हाताशी घेतलं आणि एक पूर्ण पद्धत त्याच्यात उतरवली. दोन्ही मुठी गालांशी, डोकं सतत डावीकडे-उजवीकडे, वाकत आत शिरायचं आणि एकामागून एक ठोसे. ठोशांना आकडे दिलेले असत. आकड्यांची मालिका ऐकू आली की हात चालायचे. डमाटो 1985 च्या नोव्हेंबरमध्ये वारला. वर्षभराने, वयाच्या विसाव्या वर्षी, टायसन हेवीवेट विश्वविजेता झाला, कारण त्याच तालमीतला केव्हिन रूनी त्याच्यासोबत होता. 1988 मध्ये रूनीला काढलं. 1990 च्या फेब्रुवारीत टोकियोमध्ये बस्टर डग्लसने टायसनला दहाव्या फेरीत लोळवलं. त्या रात्री त्याचं डोकं जवळपास जागेवर होतं आणि ठोसे सुटे सुटे येत होते.

इथे वाचक विचारेल, जुनी सवय पुसत नाही म्हणालात, मग टायसनची कशी पुसली? मला यातला फरक असा दिसतो. उभं राहणं, पाऊल टाकणं, हात परतणं या गोष्टी एकदा मुरल्या की जवळजवळ फुकट चालतात. प्रत्येक सेकंदाला डोकं हलवत राहणं फुकट नाही. त्याला मांड्यांचा दम लागतो आणि रोज कान पकडणारं कोणीतरी लागतं. ते गेलं तेव्हा टायसनकडे वेग आणि ताकद राहिली, पण ती पद्धत चालवणारा रोजचा रियाज राहिला नाही. लहानपणीचं प्रशिक्षण कितीही पक्कं असलं तरी त्याच्या महागड्या भागाला देखभाल लागते. वैयक्तिक आयुष्याची वादळंही होतीच, सगळं खापर एका कोचच्या जाण्यावर फोडणं बरोबर नाही.

### हौशी बॉक्सिंगचं शिक्षण व्यावसायिकाला पुरतं का?

बहुतेक व्यावसायिक बॉक्सर हौशी स्पर्धांतून येतात, आणि तिथले नियम तंत्राला आकार देतात. 1992 ते 2012 च्या ऑलिंपिकमध्ये गुणांसाठी पंच बटणं दाबत. त्यातली बरीच वर्षं पाचपैकी तिघांनी एका सेकंदाच्या आत बटण दाबलं तरच गुण मिळे. साहजिकच कोच मुलांना दिसणारे, स्वच्छ, डोक्यावरचे ठोसे शिकवत. बरगड्यांवरचे कष्टाळू ठोसे मोजले जातील याची खात्री नसे. 2013 पासून व्यावसायिकांसारखी दहा गुणांची पद्धत आली.

लोमाचेन्को याच काळात घडला. 2014 च्या मार्चमध्ये, दुसऱ्याच व्यावसायिक लढतीत, ओरलँडो सालिडोने त्याला हरवलं. सालिडोचं वजन मर्यादेपेक्षा जास्त भरलं होतं. त्याने अंगाला भिडून बारा फेऱ्या शरीरावर मारा केला, त्यातले बरेच ठोसे पट्ट्याखालचे होते. हौशी शाळेत या प्रकाराचा धडा नव्हता. तीन महिन्यांनी, तिसऱ्या लढतीत, लोमाचेन्को विश्वविजेता झाला. पाया भक्कम असला की नवा धडा किती लवकर बसतो, याचं यापेक्षा नेमकं उदाहरण मला माहीत नाही.

### "पण मोठा कोच आला की बॉक्सर बदलतो, त्याचं काय?"

बदलतो. व्लादिमीर क्लिच्को हा 1996 चा ऑलिंपिक सुवर्णविजेता. 1998, 2003 आणि 2004 अशा तीन पराभवांत तो ठोसे खाऊन किंवा दमून कोसळला. इमॅन्युएल स्टुअर्ड त्याच्यासोबत आला, तो 2004 च्या पराभवाच्या वेळीच. त्यानंतर क्लिच्कोने सलग 22 लढती जिंकल्या आणि थेट 2015 मध्ये टायसन फ्युरीकडून हरला.

स्टुअर्डने केलं काय, ते बारकाईने बघा. त्याने क्लिच्कोला नवा माणूस बनवलं नाही. उंची, लांब हात आणि हौशी काळात घोटलेला जॅब त्याच्याकडे होताच. स्टुअर्डने लढतच अशी आखली की उरलेल्या उणिवांची परीक्षा होऊ नये: लांबून जॅब, कोणी आत आलं की मिठी मारून थांबवायचं, दम राखून ठेवायचा. प्रेक्षकांना हे फार कंटाळवाणं वाटे, मलाही वाटे. पण घरात जे सामान आहे ते नीट मांडण्याचं काम त्याने उत्कृष्ट केलं.

मॅनी पॅक्विआओची गोष्ट थोडी वेगळी. 2001 मध्ये फ्रेडी रोचकडे आला तेव्हा तो मुख्यतः डाव्या हाताचा बॉक्सर होता. रोचने वर्षानुवर्षं खपून त्याच्या उजव्या हाताला धार आणली. 2009 मध्ये रिकी हॅटन पहिल्या फेरीत उजव्या हूकनेच खाली गेला. म्हणजे मोठेपणीही खरी भर पडू शकते. मात्र उडी मारून आत घुसण्याची पॅक्विआओची जुनी तऱ्हा गेली नाही, आणि 2012 मध्ये सहाव्या फेरीच्या शेवटी तो असाच आत शिरताना हुआन मान्युएल मार्केजचा उजवा हात त्याला भिडला. तो तोंडावर पडला तो उठलाच नाही.

### "उशिरा सुरू करणारेही जिंकतात की!"

जिंकतात. रॉकी मार्सियानो व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये पंचविशीच्या आसपास स्थिरावला आणि 49 पैकी 49 लढती जिंकून निवृत्त झाला. त्याचा प्रशिक्षक चार्ली गोल्डमनने त्याचे आखूड हात आणि ओबडधोबड ठोसे बघून त्याला आणखी खाली वाकून लढायला शिकवलं. डिऑन्टे वाइल्डरने विशीत सुरुवात केली, 2008 ला ऑलिंपिक कांस्य घेतलं आणि 2015 ते 2020 जेतेपद राखलं. उजवा हात असा, की एक ठोसा पुरे. पण फ्युरीने त्याला मागे रेटत ठेवलं, तेव्हा मागे जाताना काय करायचं याचं उत्तर त्याच्या पायांत नव्हतं, आणि 2020 व 2021 अशा दोन्ही लढती मुदतीआधी संपल्या.

अँथनी जोशुआने अठराव्या वर्षी सुरुवात करून पाच वर्षांत ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं. 2019 मध्ये त्याने अँडी रुईजला तिसऱ्या फेरीत पाडलं, संपवायच्या घाईत जवळून हूकची देवाणघेवाण सुरू केली आणि लहानपणापासून हेच करत आलेल्या रुईजने त्याच फेरीत त्याला दोनदा खाली बसवलं. सातव्या फेरीत लढत संपली. सहा महिन्यांनी जोशुआ लांबून, सावधपणे लढला आणि गुणांवर जिंकला. उशिरा आलेला बॉक्सर लढतीचा एक प्रदेश उत्तम शिकतो. त्याला त्या प्रदेशाबाहेर खेचलं की पंचाईत होते.

आणखी एक आक्षेप रास्त आहे. आपण विजेत्यांच्याच बालपणाच्या कथा ऐकतो. तितक्याच चांगल्या कोचकडे शिकून कुठेच न पोचलेली मुलं असंख्य असतील. प्रशिक्षणाने ताकद, जबडा, जिद्द येत नाही. हे गुण असलेल्या माणसाला प्रशिक्षणामुळे वाईट रात्री किती खाली घसरायचं याची मर्यादा मिळते, एवढाच माझा दावा.

### शेवटी प्रश्न डोक्याचा

1928 मध्ये हॅरिसन मार्टलँड या अमेरिकी डॉक्टरने बॉक्सरांमध्ये दिसणारी अडखळती चाल, गोंधळलेली बुद्धी या लक्षणांचं वर्णन वैद्यकीय नियतकालिकात केलं. डोक्यावर वर्षानुवर्षं बसणाऱ्या माऱ्याने मेंदूला कायमची इजा होते, हे आता वादातीत आहे. आणि हा मारा फक्त लढतींत होत नाही. लढती वर्षाला दोन-चार, स्पारिंगच्या फेऱ्या शेकडो. ज्याचा बचाव कच्चा, तो सरावातच झिजतो.

त्यामुळे मुलाला किंवा मुलीला बॉक्सिंगला घालणाऱ्या पालकाने भिंतीवरची पदकं मोजण्याआधी तासभर बसून सराव बघावा. स्पारिंग कितव्या महिन्यात सुरू करता, डोक्यावर जोरात मारू देता का, आणि ठोसा खाल्लेल्या मुलाला लगेच परत उभं करता का, हे सरळ विचारावं. जो कोच या प्रश्नांनी वैतागतो, त्याच्याकडे मूल पाठवू नये.